बेटावरची सायकल : एका सुट्टीचे दोन पक्ष

सायकलने बेट हिंडणे आणि तोंडात श्वासाची नळी धरून उथळ समुद्रावर पालथे तरंगणे, म्हणजेच स्नॉर्केलिंग, या दोन गोष्टी एकाच सुट्टीत बसवायच्या तर चार अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. बेट लहान हवे, त्यावर बरा रस्ता हवा, प्रवाळ किनाऱ्यालगत हवे आणि पाणी नितळ हवे. भारतात अशा जागा थोड्याच आहेत. अंदमानातील स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप या त्यांपैकी सोयीच्या. ३० डिसेंबर २०१८ रोजी नावे बदलेपर्यंत त्या हॅवलॉक आणि नील होत्या, आणि बोलण्यात अजूनही हीच नावे जास्त येतात.

वऱ्हाडाला अंदमान दोन कारणांनी माहीत आहे. एक काळे पाणी : सावरकर १९११ ते १९२१ या काळात तिथल्या सेल्युलर जेलमध्ये होते. दुसरे कारण पावसाचे. मे महिन्यात ‘मान्सून अंदमानात दाखल’ अशी बातमी छापून आली की चांदूर रेल्वेसारख्या गावात सोयाबीनच्या बियाण्याची विचारपूस सुरू होते. त्या बेटांवर सुट्टी घालवायची, तीही घाम गाळत, हा विचार मात्र नवा आहे. इथे सुट्टी म्हणजे माहेर, नात्यातले लग्न, नाहीतर शेगाव, माहूर, पंढरपूर. सायकल म्हणजे दुधाची कॅन, शाळा आणि शेत.

म्हणून अशा सुट्टीचा विषय निघाला की घरात दोन पक्ष पडतात. ते मांडण्यासाठी चांदूर रेल्वेचे एक जोडपे कल्पिले आहे. ती हायस्कुलात भूगोल शिकवते. तिला जायचे आहे. तो कृषी सेवा केंद्र चालवतो. त्याला हे पटत नाही.

कोणते बेट

तो : समुद्रच पाहायचा तं मालवण काय वाईट हाये? आपलं राज्य, आपली भाषा. एवढ्या दूर कायले जायचं?

ती : मालवणला पाण्यात उतरता येईल. सायकल कुठे चालवाल? किल्ल्यात?

मालवणची बाजू कमकुवत नाही. सिंधुदुर्ग किल्ला १६६४ ते १६६७ या काळात ज्या कुरटे बेटावर उभा राहिला, त्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथे २९.१२ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. तारकर्लीला राज्य पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. पण कोकणच्या नद्या आणि खाड्या समुद्रात गाळ आणतात, त्यामुळे अंदमानइतके आरपार पाणी तिथे क्वचितच मिळते. कुरटे बेट तर किल्ल्यानेच व्यापले आहे, आणि मुख्य भूमीवरचे रस्ते सतत चढउताराचे आहेत. लक्षद्वीपचे पाणी अंदमानच्या तोडीचे असले तरी तिथे जायला भारतीयांनाही परवाना काढावा लागतो. स्वराज आणि शहीद या दोन बेटांना भारतीय प्रवाशाला तो लागत नाही.

अंतराचा मुद्दा उरतो. चांदूर मुंबई-हावडा मार्गावर आहे. पश्चिमेला मुंबई सुमारे ७०० किलोमीटर, पूर्वेला हावडा सुमारे १३०० किलोमीटर. कोलकात्याहून किंवा चेन्नईहून विमानाने दोन-अडीच तासांत श्री विजयपुरम येते. २०२४ पर्यंत त्याचे नाव पोर्ट ब्लेअर होते. तिथून स्वराज द्वीपला खाजगी जलद बोट साधारण दीड तासात पोहोचवते. सरकारी बोट स्वस्त, पण तिला जास्त वेळ लागतो. एकूण जाण्यात दोन दिवस आणि येण्यात दोन दिवस धरावेत. आठ दिवसांपेक्षा कमी रजा असेल तर या बाबतीत नवऱ्याचेच म्हणणे खरे : मालवण गाठावे.

चाकांवर

तो : मी रोज शेतात सायकलनंच जातो. सुट्टीत बी पायडलच मारायचं? तथी स्कूटर भाड्यानं भेटते म्हन्ते.

ती : भेटते. अन् स्कूटरवर सगळं नील तासाभरात आटोपते. मग उरलेला दिवस हॉटेलच्या खोलीत टीव्ही पाहत काढायचा का?

शहीद द्वीपचे क्षेत्रफळ सुमारे १४ चौरस किलोमीटर आहे आणि जमीन बरीचशी सपाट आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना इथे वसवले गेले. त्यांनी भाताची आणि भाजीपाल्याची शेती उभी केली आणि वस्त्या-किनाऱ्यांना रामायणातली नावे मिळाली : सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर. सीतापूरचा किनारा सूर्योदयाचा, लक्ष्मणपूरचा सूर्यास्ताचा, आणि धक्क्याला लागून असलेले भरतपूर प्रवाळाचे. पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंतचे अंतर सायकलला तासाच्या आत आहे. वाटेत केळी, सुपारी, वांग्याचे वाफे आणि कुंपणाशी बांधलेली गाय दिसते. स्कूटर आणि सायकल यांतला फरक इथे कळतो. सायकलवाला उतरतो, वाफ्याशी थांबतो, कोणते बी लावले ते विचारतो. बियाणे विकणाऱ्या माणसाला हे सांगावे लागणार नाही.

स्वराज द्वीप मोठे, सुमारे ९२ चौरस किलोमीटर. त्याचा बराच भाग जंगलाचा असून वस्ती उत्तरेकडच्या भागात एकवटली आहे. धक्क्यावरून निघालेला रस्ता गोविंदनगरच्या बाजारात फुटतो. एक फाटा पूर्व किनाऱ्याने विजयनगरवरून काळापत्थरला जातो. तो सपाट आहे आणि डाव्या हाताला बराच वेळ समुद्र सोबत राहतो. दुसरा श्यामनगर, कृष्णनगर करीत राधानगरला जातो. या वाटेवर जंगल आहे आणि चढ आहेत. गिअर नसलेली सायकल एक-दोन ठिकाणी हाती धरून न्यावी लागते. राधानगरच्या किनाऱ्याला २००४ मध्ये टाइम साप्ताहिकाने आशियातला सर्वोत्तम म्हटले होते. पहिल्या दिवशी काळापत्थर आणि दुसऱ्या दिवशी राधानगर, असा क्रम पायांना झेपतो.

उन्हाची गोष्ट वऱ्हाडी माणसाला उलटी वाटेल. चांदूरला मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, अंदमानात तो तीस-बत्तीसच्या आसपास राहतो. पण वऱ्हाडातली उष्णता कोरडी असते. घाम येतो, वाळतो आणि अंग निवते. बेटावर हवेतच एवढी वाफ असते की घाम वाळत नाही, तो नुसता ओघळतो आणि अंग तापत जाते. ४५ अंशांत शेतात उभा राहणारा माणूस तिथे तिसाव्या अंशात थकतो तो यामुळे. पाणी तहान लागण्याआधी प्यावे, मीठ-साखरेची पुडी खिशात असावी आणि वाटेतले शहाळे सोडू नये.

वेळेचेही गणित बदलते. चांदूर साधारण ७८ पूर्व रेखांशावर, तर स्वराज द्वीप ९३ वर. पंधरा अंशांचा फरक म्हणजे एक तास. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. त्यामुळे बेटावर पहाटे पाचच्या सुमारास उजाडते आणि संध्याकाळी सहाच्या आत अंधारते. चांदूरच्या सवयीने आठला चहा घेऊन निघणाऱ्याच्या हातून सायकलचे उत्तम तीन तास निसटलेले असतात. पाच ते आठ सायकल, आठनंतर पाणी, दुपारी झोप आणि चारला पुन्हा सायकल, हे वेळापत्रक तिथे सूर्यच आखून देतो.

भाड्याची सायकल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. ब्रेक दोन्ही लागतात का. साखळी खाऱ्या हवेने गंजली आहे का. आणि बैठक पुरेशी वर चढते का : पायडल खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे बैठक खाली ठेवण्याची सवय असते. त्याने दहा किलोमीटरनंतर गुडघे बोलू लागतात.

पाण्यात

ती : यात दम लागत नाही. नुसतं पालथं तरंगायचं अन् खाली पाहायचं.

तो : पालथं तरंगाले पोहता यावं लागते. तुले येते का?

वादाची खरी मेख या प्रश्नात आहे. तो लहानपणी, कमरेला सुका भोपळा बांधून, विहिरीत पोहायला शिकला. तिला पोहता येत नाही. जिची इच्छा आहे तिची तयारी नाही आणि ज्याची तयारी आहे त्याची इच्छा नाही.

स्नॉर्केलिंगला तीन साधने लागतात : नाकासकट डोळे झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरायची नळी आणि पायांत रबरी पंखे. नळी हातभराहून लहान असते आणि त्यामागे कारण आहे. मीटरभर खोलीवर शरीराच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जास्त दाब पडतो. सगळ्या छातीवर मिळून हे ओझे इतके होते की पृष्ठभागावरची हवा आत ओढणे फुप्फुसांना जमत नाही. शिवाय नळी जितकी लांब, तितकी आपलीच सोडलेली हवा पुन्हा आत येते. म्हणून स्नॉर्केलिंग पृष्ठभागावरच चालते. स्कूबाप्रमाणे दाबाखालची हवा श्वासात जात नसल्याने विमानात बसण्यापूर्वी बरेच तास थांबण्याचे बंधनही त्याला नाही.

समुद्र तरंगायला विहिरीपेक्षा सोपा असतो. मिठामुळे त्याचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असते, आणि तेवढा आधार अंगाला जाणवतो. अडचण होते ती नाकामुळे. मुखवट्यात नाक बंद झाले की माणूस गडबडतो, तोंडाने श्वास घ्यायचा हे विसरतो आणि उभा राहायला धडपडतो. पहिल्या पाच मिनिटांतली ही घाबरगुंडी घरीच मोडता येते. अंगणात पसरट घमेले पाण्याने भरावे, मुखवटा लावून तोंड त्यात बुडवावे आणि नळीने शंभर श्वास मोजावेत. नळीत पाणी गेले तर जोराने फुंकर मारून ते उडवावे. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून ती विसळतात. जगभरचे पोहणारे हेच करतात. शेजाऱ्यांना हा प्रकार वेडेपणाचा वाटेल, पण बेटावर गेल्यावर तोच दिवस वाचवतो.

पाण्यात वस्तू असतात त्याहून जवळ आणि सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, कारण पाण्यातून मुखवट्यातल्या हवेत येताना प्रकाश वाकतो. विदूषक मासा चार इंच वाटला तर तो प्रत्यक्षात तीन इंच समजावा. खोल जाऊ तसा लाल रंग आधी मावळतो. भडक रंग पाहायचे तर गळाभर पाणीच बरे.

भरतीचे गणितही शिकावे लागते. समुद्राला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती साधारण पन्नास मिनिटे उशिरा येते. ओहोटीला भरतपूरचे प्रवाळ जवळजवळ उघडे पडते आणि पोट घासते. भरतीच्या आगेमागे उतरावे. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे चढउतार कमी आणि ओढही कमी. १९७३ पासून मराठी घरांच्या भिंतीवर असलेल्या कालनिर्णयात तिथी पाहून समुद्राचा जोर असा ओळखता येतो. नवशिक्याने अष्टमी-नवमीचा मुहूर्त धरावा.

बोटातले पोवळे

तो : त्या दगडाले पाहाले एवढा खर्च?

ती : दगड? मंगळासाठी तुमी बोटात घातलं ते काय हाये मंग?

अंगठीतले लाल पोवळे आणि समुद्रातले प्रवाळ ही दोन्ही प्राण्यांनी बांधलेली घरे आहेत. दागिन्याचे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रासारख्या ठिकाणी, कमी उजेडात वाढते. अंदमानचे खडकी प्रवाळ वेगळ्या जातीचे. त्याचे जीव अगदी लहान असतात आणि त्यांच्या अंगात शैवाल राहते. शैवाल उन्हात अन्न तयार करते, त्यातले बरेचसे प्रवाळाला देते, आणि प्रवाळ त्याला आसरा देते. ऊन लागत असल्यामुळेच हे प्रवाळ उथळ पाण्यात असते आणि तरंगणाऱ्या माणसाला दिसते. मेंदूसारख्या दिसणाऱ्या गोल प्रवाळाची वाढ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर. मीटरभर वाढलेला गोळा शंभर वर्षांच्या घरात असतो, आणि त्यावर पाय देऊन उभे राहायला एक क्षण पुरतो.

पाणी बेताबाहेर तापले की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकते आणि पांढरे पडते. ताप लवकर उतरला तर ते सावरते, नाहीतर मरते. अंदमानात २०१० मध्ये मोठ्या प्रमाणावर असे झाले, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातली अशी चौथी मोठी घटना जाहीर केली. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या काही किनाऱ्यांवर समुद्रतळच मीटरभर वर उचलला गेला आणि तिथले प्रवाळ उघड्यावर येऊन वाळले. जे उरले आहे ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. किनाऱ्यावर पडलेला तुकडा आठवण म्हणून पिशवीत टाकणे हाही गुन्हा ठरतो.

तो : म्हंजे आपन जाऊन त्याचं अजून नुकसानच करायचं ना?

हा त्याचा सर्वांत बिनतोड मुद्दा. त्याला उत्तर वागण्यातूनच देता येते. प्रवाळावर उभे राहायचे नाही, हात लावायचा नाही, पंखे उथळ जागी मारायचे नाहीत, माशांना पाव टाकायचा नाही, आणि उन्हासाठी अंगाला मलम फासण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालायचा. मलमातली काही द्रव्ये प्रवाळाला बाधतात म्हणून हवाई राज्याने २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आणली. पोहता न येणारा माणूस पाय टेकायला हमखास प्रवाळच शोधतो. म्हणजे पोहणे शिकणे ही जिवाच्या काळजीइतकीच प्रवाळाच्या काळजीचीही बाब आहे.

धोके

अंदमानच्या खाड्यांत आणि खारफुटीत खाऱ्या पाण्यातली मगर राहते. एप्रिल २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका कोपऱ्यात स्नॉर्केलिंग करणारी अमेरिकन पर्यटक मगरीच्या हल्ल्यात मरण पावली. तेव्हापासून फलक आणि जीवरक्षक यांना तिथे फार महत्त्व आहे. खाडीच्या मुखाशी, खारफुटीजवळ आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरू नये. स्वराज द्वीपवर स्नॉर्केलिंगसाठी नेमके ठिकाण एलिफंट बीच. तिथे धक्क्यावरून बोटीने जातात. राधानगरच्या रस्त्यावर सायकल ठेवून जंगलवाटेने पायीही जाता येते, पण पावसात ती वाट चिखलाची होते. इतर धोके साधे आहेत : तळावरचे काटेरी समुद्री साळू, पाठीवर पडणारे ऊन, आणि बोटीत मळमळणे. मोठे रुग्णालय श्री विजयपुरमला आहे, म्हणजे बोटीच्या अंतरावर. हे ध्यानात ठेवूनच धाडस करावे. एकट्याने पाण्यात उतरू नये. जोडप्याने जाण्याचा हा एक रोकडा फायदा.

तारीख आणि तयारी

तो : अन् जायचं कवा? माह्या दुकानाले जूनमंदी श्वास घ्याले फुरसत नसते.

ती : माझे पेपर मार्च-एप्रिलात असतात. दिवाळीत गेलं तर तिकडे पाऊस.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात अंदमानला परतीचा पाऊस आणि वादळे असतात. पाणी सर्वांत निवांत आणि नितळ असते ते जानेवारी ते एप्रिल. पण नोकरी आणि दुकान यांचा मेळ घातला तर या घराला मोकळा मिळतो तो मेचा पहिला पंधरवडा. तेव्हा ऊन कडक असते, तरी समुद्र बहुधा शांत असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास मान्सून दक्षिण अंदमानात पोहोचतो आणि मग बोटींचा भरवसा राहत नाही. परतीचे तिकीट त्याआधीचे हवे.

तयारी मार्चपासून धरावी. आठवड्यातून तीन दिवस सकाळी मालखेडच्या तलावाकडे सायकल, अंतर हळूहळू वाढवत. तिने पुढे, त्याने मागे. अमरावतीच्या तरणतलावात तिने पोहण्याचे धडे घ्यावेत. विहिरीवर भिस्त ठेवू नये, कारण एप्रिलमध्ये विहिरी तळ गाठतात. जीवरक्षक जॅकेट न घालता दहा मिनिटे तरंगता आले आणि डांबरीवर वीस किलोमीटर न कण्हता झाले की ती तयार झाली असे समजावे. बेटावर तरीही जॅकेट घालावेच. मुक्कामाची वाटणी दोन रात्री स्वराज आणि तीन रात्री शहीद अशी करावी, कारण सायकलला सपाट बेट जास्त देते.

निकाल द्यायचा तर असा. तिचे म्हणणे बरोबर आहे, पण अटीवर : एप्रिलअखेर पोहता आले तर अंदमान, नाही आले तर यंदा मालवण आणि पुढच्या वर्षी अंदमान. त्याची शंका चूक नाही. ती सोडून द्यायची नसून नियम म्हणून सोबत न्यायची आहे. ठरल्याप्रमाणे पार पडले तर मेच्या मध्यावर दोघे चांदूरला परततात. आठवड्याभरात मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी येते, आणि तिथून विदर्भात पाऊस पोहोचायला साधारण जूनचा मध्य उजाडतो. तेवढ्या दिवसांत दुकानात बियाणे भरून होते.